बंदुकीचं मुसकं

शामरावजी मला कधीच आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. नाचणगावच्या पोस्टात मी नऊ वर्षं काढली. आणीबाणी उठायच्या जरा आधी गेलो आणि पंच्याऐंशीच्या सुमारास तिथून निघालो. त्या नऊ वर्षांत हा माणूस आठवड्यातून दोनदा तरी पोस्टात यायचा. इतर लोक खिडकीशी रांगेत उभे राहत. हे दारातून सरळ आत येत, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर मांडी टेकवत आणि दुसऱ्यांची पत्रं उलटीपालटी करत विचारत, "आपलं काही विलायतेचं आलं काय, मास्तर?"

विलायतेचं म्हणजे बंदुकांचे कॅटलॉग. गुळगुळीत कागदाचे, रंगीत चित्रांचे. शामरावजी मॅट्रिकला तीनदा बसले होते आणि तिन्ही वेळा इंग्रजीनेच त्यांचा घात केला होता. पण तसं कबूल करतील तर ते शामरावजी कसले. "चष्मा घरी राह्यला, वाचा बरं जरा," असं म्हणून ते कॅटलॉग माझ्यापुढे सरकवत. नऊ वर्षांत तो चष्मा मी एकदाही पाहिला नाही.

बापजाद्यांनी सत्तर एकर ठेवली होती. त्यात स्वतः शामरावजींनी एक धुरा, म्हणजे शेताचा एक बांधसुद्धा वाढवला नव्हता. तरी बोलणं असं की, काळी माती ह्यांनीच कालवून पसरली असावी. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे शास्त्र असे. आंबा कसा चोखावा, बैलगाडीत कोणत्या बाजूने चढावं, गड्याने छत्री कशी धरावी, सगळ्याचं शास्त्र. "शास्त्र हाय त्याचं," एवढं म्हणून ते डोळे मिटत. ते शास्त्र पुढे सांगत मात्र कधीच नसत.

वर्ध्याच्या मे महिन्यात, म्हणजे डांबरावर चप्पल चिकटते त्या उन्हात, ते जाड खाकी शिकारी कोट घालून हिंडत. त्या कोटाला अकरा खिसे होते. एका खिशात विड्याची पानं आणि दुसऱ्यात अडकित्ता असे, बाकीचे नऊ रिकामे.

ह्या कोटाला शोभेल अशी त्यांच्याकडे एक रायफल होती. कुठल्याशा बड्या घराण्याचा वारस देणी फेडायला सामान विकत होता, त्याच्याकडून त्यांनी ती परवान्यानिशी घेतली होती. सेमी-ऑटोमॅटिक. एकदा घोडा दाबला की एक गोळी सुटे, रिकामं काडतूस आपसूक उजवीकडे उडून पडे आणि पुढची गोळी आपोआप नळीत येई. परवाना पिकाच्या राखणीसाठी होता. भुईमूग, ज्वारीत रानडुकरं शिरत हे खरं होतं, पण डुकरांना शामरावजींपासून फारसा धोका नव्हता. मी तिथे गेलो त्याआधीच्या चार वर्षांत त्यांनी एक डुक्कर मारलं होतं, आणि ते आधीच लंगडत होतं असं गाव म्हणे. दुसऱ्या एका गोळीने त्यांनी स्वतःच्याच ऑइल इंजिनाची टाकी फोडली होती.

निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पुलगावच्या ठाण्यात जमा करावी लागत. शामरावजी रायफल बायकोच्या शालीत गुंडाळून दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून नेत आणि मग महिनाभर दर दोन दिवसांनी ठाण्यात जाऊन तिला पाहून येत. एका शिपायाने एकदा गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "मजेत हाय जी. सकायीच चारापानी झालं तिचं." शामरावजींनी ह्यावर वरिष्ठांकडे अर्ज करायचं ठरवलं होतं. अर्ज इंग्रजीत हवा होता, म्हणून तो माझ्याकडून लिहून घ्यायला आले. त्या दिवशी माझा हात फार दुखत होता.

आता किसनाबद्दल सांगायला हवं. किसना त्यांचा सालदार, म्हणजे गुढीपाडव्याला वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. चाळिशीच्या आतला, काटक, कमी बोलणारा. ह्या माणसाचे कान हे नाचणगावचं नवल होतं. ओसरीवर बसल्या बसल्या तो सांगे की, नाल्यापलीकडे डुक्कर आहे आणि ते ज्वारी मोडत नाही, भुईमूग उकरतंय. वर्धा नदीच्या पुलावरून गाडी गेली की, मालगाडी की मेल, हे तो न बघता ओळखे. शनिवारी भजनात खंजिरी वाजवायचा. मोठमोठ्या गवयांना हेवा वाटावा असा त्याचा ठेका होता, असं मी नुसतं म्हणत नाही, मी ऐकलेला आहे. शामरावजी ह्या कानांची बढाई अशी मारत, जणू ते त्यांनीच बाजारातून निवडून आणले होते.

रायफलीच्या कामात किसनाची जागा ठरलेली होती. नवी काडतुसं घ्यायला गेल्यावर कोण्या कारकुनाने एकदा शामरावजींना विचारलं होतं, जुनी रिकामी कुठे आहेत? दाखवा. तेव्हा दोन रिकामी काडतुसं पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत, हरवली होती आणि ह्यांना चार चकरा पडल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी शास्त्र काढलं. हे उकिडवे बसून नेम धरत, आणि किसना त्यांच्या उजव्या हाताला, नळीच्या तोंडापासून दोन हातांवर, दुपट्टा पसरून बसे. उडालेलं काडतूस दुपट्ट्यात पडलं पाहिजे. डुक्कर पडलं नाही तरी चालेल. डुकराची चाहूलही किसनानेच घ्यायची, बोटाने दिशाही त्यानेच दाखवायची. घोडा तेवढा शामरावजी दाबत, तोही डोळे मिटून.

डोळे मिटायचं कारण धक्का. ती रायफल खांद्याला असा धक्का देई की, ह्यांचा खांदा आठ दिवस काळानिळा राही. घरी हळदीचा लेप आणि शेक चाले. बाहेर "आमवात हाय" असं सांगत. धक्क्याच्या भीतीने आधीच अंग चोरायचं आणि डोळे मिटायचे, मग गोळी इंजिनात जाणार नाही तर कुठे जाईल?

अशात एका कॅटलॉगात त्यांना नळीच्या तोंडावर बसवायचे लोखंडी तुकडे दिसले. बोटभर लांबीचे, भोकांचे, फटींचे. तीन प्रकार होते. त्यांतला कोणता घ्यावा, ह्यावर शामरावजींनी पुरती दोन वर्षं घालवली. पोरीच्या लग्नाला त्यांनी एवढा विचार केला नव्हता. पोरगी पहिल्याच स्थळाला देऊन मोकळे झाले होते. गावाने मात्र पहिल्याच दिवशी त्या तुकड्याचं बारसं करून टाकलं. मळणीच्या बैलाने कणसात तोंड घालू नये म्हणून त्याला मुसकं बांधतात. "शामरावजी बंदुकीले मुसकं पाहून राह्यले," असं लोक म्हणू लागले आणि ते शेवटपर्यंत मुसकंच राहिलं.

निवड करायला त्यांनी एका रविवारी आपल्या ओसरीवर दोघांना बोलावलं. कॅटलॉग वाचायला मला आणि सल्ल्याला हवालदार तुळशीरामजींना. हवालदारांनी फौजेत बावीस वर्षं हत्यारं दुरुस्त केली होती आणि आता पेन्शन घेऊन गावात राहत होते. गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलायचे नाहीत. किसना पायऱ्यांवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता आणि दाणे मालकापुढच्या ताटलीत टाकत होता.

मी तिन्ही चित्रांखालचा मजकूर वाचून मराठीत सांगितला. हवालदारांनी चित्रं पाहिली आणि विचारलं, "तुमी मारता केव्हा?"

"दिवस बुडता," शामरावजी म्हणाले.

"मंग पहिलं घ्या. अंधारल्यावर गोयी सुटली की तोंडाशी भडका होते अन् डोये दिपते. दुसऱ्या गोयीले डुक्कर दिसतच नाई. हे पहिलं भडका लपवते. आमच्या फौजेतल्या रायफलीले असंच राह्यते."

"अन् धक्का?"

"तो राह्यते तेवढाच. खांद्याले सवय करा लागते."

शामरावजींना हे उत्तर नको होतं. "हे दुसरं?"

"त्यानं नयीचं तोंड वर उचलत नाई. धक्क्याले फारसा फरक नाई."

"अन् तिसरं?"

हवालदारांनी तिसऱ्या चित्रावर बोट टेकवलं. "तिसऱ्यानं धक्का अर्धा होते. खोटं नाई सांगत. समोर जानारा जोर ते बाजूले फेकते, म्हनून बंदूक मांगं येत नाई. पन आवाजही बाजूलेच जाते ना. तुमचा खांदा वाचन, बाजूच्याचे कान जाईन."

कॅटलॉगात हेच लिहिलं होतं. बाजूला उभ्या असलेल्यांनी कान जपावेत, अशी ओळ होती. मी ती वाचली. "ते सोडा, मास्तर," शामरावजी म्हणाले. "धक्का किती कमी होते तेवढं वाचा पुन्हा." मग हवालदारांकडे वळून त्यांनी अगदी साळसूदपणे विचारलं, "अन् बाजूले राह्यते कोन?"

हवालदार किसनाकडे पाहत होते, मीही पाहत होतो. किसनाला वाटलं, मालकांनी खरंच विचारलं आहे. शेंग फोडता फोडता तो हसून म्हणाला, "मी राह्यतो ना, मालक."

"तुह्यं काय बे," शामरावजी म्हणाले, "तुले सवय हाय."

आणि तिसरं ठरलं. हवालदार चहा न घेता उठले. मी घेतला. मागणीचं पत्रही मीच लिहिलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. शामरावजींबद्दल मी एवढं तोंड सोडून लिहितो आहे, पण त्या ओसरीवर माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

नागपूरच्या बंदूकवाल्याच्या मार्फत, कागदोपत्री सगळं रीतसर होऊन, मुसकं यायला आठ महिने लागले. त्यानेच ते बसवून दिलं. दसऱ्याला शामरावजींनी रायफल पाटावर ठेवली, मुसक्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि आल्यागेल्याला सोन्याच्या पानाबरोबर त्याची भोकं मोजायला लावली. दुसऱ्या दिवशी दिवस कलताना मला साक्षीदार म्हणून शेतावर नेलं. मी मागे धुऱ्यावर उभा राहिलो. किसना आपल्या जागी दुपट्टा पसरून बसला. त्याने मान किंचित वाकडी केली आणि नाल्याकडे बोट दाखवलं. डुक्कर आलं होतं.

चार गोळ्या सुटल्या. मी पंधरा पावलं मागे होतो, तरी माझ्या डोक्यात कोणी परात आपटल्यासारखं झालं. भुईमुगाच्या ओळीवर धूळ उडाली. डुक्कर नाल्यात उतरून निघून गेलं, नेहमीसारखं. किसनाच्या हातातून दुपट्टा सुटला होता आणि दोन्ही तळवे कानांवर होते. शामरावजी उभे राहून खांदा गोल गोल फिरवत होते. "पत्ताच नाई लागला, मास्तर! खांद्याले पत्ताच नाई!" मग त्यांचं लक्ष खाली गेलं. "चार झाले ना बे? चारही काडतुसं पाह्यजे बरं, किसना." किसना त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग काय समजायचं ते समजून मातीत चाचपू लागला.

दुसऱ्या दिवशी शामरावजी पोस्टात हजर. कंपनीला आभाराचं पत्र लिहायचं होतं. मी विचारलं, "किसनाचं कसं आहे?"

"कान वाजून राह्यले म्हनते. कोमट तेल टाकलं. तुमी लिहा, माय शोल्डर इज व्हेरी हॅपी."

मी लिहिलं. तिकीट लावलं, शिक्का मारला.

हवालदारांनी किसनाला निदान कानात कापूस घालायला सांगितलं. चहूकडे कापसाची शेतं, बोंडं वेचायला किसनाच, तेव्हा दोन बोळ्यांची काय वाण होती? पण शामरावजींनी तो काढायला लावला. "कापूस घातला तर डुकराची चाहूल कोन घेईन? मी घेऊ?" हे त्यांचं म्हणणं होतं. गोळी सुटायच्या आधी त्यांना किसनाचे कान हवे होते. सुटल्यावर त्यांचं काय होतं, हा किसनाचा प्रश्न होता.

असे दोन हंगाम गेले. धक्का उरला नसल्याने शामरावजी आता मनसोक्त गोळ्या झाडू लागले होते. डब्यावर, बाभळीच्या गाठीवर, पाहुणा आला की उगीच हवेत. प्रत्येक वेळी किसना बाजूला. भजनात आधी त्याची खंजिरी मागे पडायला लागली, मग कुठेही वाजायला लागली. मंडळींनी फार मायेने ती त्याच्या हातून काढून टाळ दिले आणि महिन्याभराने टाळही काढून घेतले. त्यानंतर तो शनिवारी नुसता येऊन बसायचा, गाणाऱ्यांच्या तोंडांकडे पाहत.

एके दिवशी तो पोस्टात आला आणि उगीचच मोठ्याने विचारू लागला, "मास्तर, रेल्वेचा संप हाय काय?"

"नाही. का रे?"

त्याला ऐकू गेलं नाही. मी मान हलवली तेव्हा म्हणाला, "पुलावरून गाडी नाई जाऊन राह्यली आठ दिसापासून. म्हनलं मास्तराले इचारावं."

त्याच वेळी डाऊन मेल पुलावर होती. मला ती ऐकू येत होती. किसना माझ्या चेहऱ्याकडे पाहत उत्तराची वाट बघत होता. मी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि पाठमोरा होऊन शिक्के मारत बसलो.

त्या गुढीपाडव्याला शामरावजींनी त्याचं साल पुढे धरलं नाही. "बैल हाकलतो पन मांगून गाडी येऊन राह्यली हे समजत नाई त्याले. डुक्कर तं दूरच राह्यलं. असा मानूस ठेवून काय करू?" असं त्यांनी माझ्याच टेबलावर बसून सांगितलं, वर सुस्काराही सोडला. "लय चांगला होता हो. देवानं ऐकू येनं काढून घेतलं." मी खणात राहिलेल्या जुन्या कॅटलॉगातली कान जपायची ती ओळ काढून पुन्हा वाचली. ह्या वेळी मोठ्याने, शब्द न् शब्द. ते म्हणाले, "इंग्रज लोकाचे कान नाजूक राह्यते, मास्तर." अशा माणसाला काय बोलणार? शब्द त्याच्यापर्यंत पोचतात, पण आत काही जागच नसते.

बहिऱ्याला दुसऱ्या कोणी सालावर ठेवलं नाही. किसना गावाच्या शेळ्या राखू लागला.

माझी बदली सेलूला झाली तेव्हा शामरावजींनी मला शेतावर हुरड्याला बोलावलं. नाही म्हणायला हवं होतं. गेलो. दुपार होती. गोवरीच्या विस्तवावर कणसं भाजली, तिळाची चटणी, दही, सगळं यथासांग झालं. मग पाहुण्याच्या मानार्थ नेमबाजी. बाभळीला तेलाचा रिकामा डबा टांगला. नवा सालदार गणपत, पंचविशीतला तगडा गडी, त्याला उजवीकडे बसवलं आणि दुपट्टा कसा पसरायचा ते दाखवलं. शामरावजींनी खिशातून कापूस काढून स्वतःच्या दोन्ही कानांत नीट दाबून भरला. "हल्ली शिट्टी वाजते कानात," ते मला म्हणाले. मी गणपतच्या कानांकडे बोट दाखवलं. "त्याले काय," ते म्हणाले, "तो नवा हाय."

तेवढ्यात किसना धुऱ्यावरून शेळ्या घेऊन चालला होता. तो थांबला. त्याने शामरावजींकडे पाहिलं, मग त्या जागेवर बसलेल्या गणपतकडे. काठी धुऱ्यावर टाकली, भराभर खाली आला, गणपतचं मनगट धरलं आणि त्याला ओढून उभं केलं. गणपत गोंधळला. किसनाने एक बोट स्वतःच्या कानावर ठेवलं, मग रायफलीकडे दाखवलं, आणि हात नकारार्थी हलवला. तेवढं गणपतला पुरलं.

"ए किसन्या!" शामरावजी ओरडले. "सोड त्याले! हात सोड म्हनतो!"

किसना गणपतला घेऊन धुऱ्याकडे चालू लागला होता. त्याची पाठ आमच्याकडे होती. शामरावजी शिव्या देऊ लागले. आई काढली, जात काढली, पोलिसात देईन म्हणाले. ओरडून ओरडून त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. किसनाने मागे वळून पाहिलं नाही. ह्या माणसाचा आवाज त्याच्यापर्यंत कधीच जाणार नव्हता, आणि ते करून ठेवणारे शामरावजीच होते. गणपतला मात्र सगळं ऐकू येत होतं, तरी तोही गेला.

शामरावजी धापा टाकत माझ्याकडे वळले. खाली पडलेल्या दुपट्ट्याकडे पाहिलं, आणि अगदी सहज, पोस्टात कॅटलॉग सरकवत तशा आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमी बसा बरं जरा इथं."

मी हात झटकले, चपला घातल्या आणि नाही म्हणालो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. कानात कापूस असल्यामुळे त्यांना ते ऐकू गेलं नसावं. धुऱ्यावर चढून मी वळून पाहिलं, तेव्हा अकरा खिशांचा कोट घालून, रायफल छातीशी धरून ते तसेच उभे होते, कोणी येऊन उजवीकडे बसेल म्हणून वाट पाहत.